पुढच्यास ठेच, पण मागचा शहाणा झाला का?

एककांचा धडा शिकवताना विज्ञानाच्या तासाला हमखास सांगितली जाणारी एक गोष्ट आहे. अमेरिकेच्या 'नासा' या संस्थेने मंगळाकडे एक यान पाठवले. यान बांधणाऱ्यांनी बल पौंडात मोजले, यान हाकणाऱ्यांनी ते न्यूटनमध्ये आहे असे समजून गणिते केली, आणि यान मंगळाच्या वातावरणात शिरून नष्ट झाले. "म्हणून मुलांनो, उत्तरापुढे एकक लिहायला विसरू नका!" येथे गोष्ट संपते, आणि एकक न लिहिणाऱ्याचा अर्धा गुण कापण्याला थेट अवकाशविज्ञानाचा आधार मिळतो.

ही गोष्ट खोटी नाही. पण ती अर्धी आहे आणि उरलेला अर्धा भागच अधिक महत्त्वाचा आहे, असे आमचे म्हणणे आहे. अवकाशयानांच्या अपघातांवरील चौकशी अहवाल वाचले तर ध्यानात येते, की त्यांत नोंदलेल्या मूळ चुका बहुधा अगदी साध्या, आपल्या दहावीच्या विद्यार्थ्याच्या हातूनही होतील अशा असतात. कोडे असते ते दुसरेच. शेकडो हुशार माणसे वर्षानुवर्षे काम करत असताना ती साधी चूक कोणाच्याच नजरेस का पडली नाही? आपल्या गोष्टी हा प्रश्न विचारत नाहीत. त्या कशा अपुऱ्या पडतात हे दोन-तीन प्रकरणांच्या आधारे पाहू.

एकक लिहिलेले होतेच

मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान ११ डिसेंबर १९९८ रोजी निघाले आणि २३ सप्टेंबर १९९९ रोजी मंगळाभोवतीच्या कक्षेत शिरताना हरवले. प्रवासात यानाचे तोंड योग्य दिशेला ठेवण्यासाठी त्यात वेगाने फिरणारी चक्रे होती. या यानाचा सौरपट एकाच बाजूला होता. त्यामुळे सूर्यप्रकाशाच्या दाबाने यानाला सतत किंचित पीळ बसे, तो पीळ चक्रे स्वतःच्या फिरण्यात सामावून घेत, आणि त्यांचा वेग फार वाढला की छोटे झोतयंत्र काही क्षण पेटवून तो कमी करावा लागे. अशा प्रत्येक वेळी यानाच्या मार्गाला एक बारीकसा धक्का बसे. धक्का किती बसला याचा हिशेब पृथ्वीवरील एक संगणक आज्ञावली करी आणि ते आकडे मार्ग ठरवणाऱ्या गटाकडे जात.

बल आणि काळ यांचा गुणाकार म्हणजे आवेग, हे आपण शिकवतोच. डेन्व्हरच्या लॉकहीड मार्टिन कंपनीतील आज्ञावली हा आवेग पौंड-सेकंदात देत होती. पासाडेना येथील जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीतील मार्गदर्शक गट तो न्यूटन-सेकंदात आहे असे धरून चालला होता. एक पौंड बल म्हणजे सुमारे ४.४५ न्यूटन. साहजिकच प्रत्येक धक्का होता त्यापेक्षा साडेचारपट लहान धरला गेला. नऊ महिन्यांत ही तूट साठत गेली. मंगळापासून २२६ किलोमीटर उंचीवरून जायचे यान सुमारे ५७ किलोमीटरवर आले. ८० किलोमीटरच्या खाली त्याचा निभाव लागणार नव्हता.

आता गोष्टीतून गळलेला भाग पाहा. या आकड्यांची फाइल मेट्रिक एककांतच असावी, असे दोन्ही बाजूंमधील लेखी दस्तऐवजात नमूद होते. म्हणजे एकक लिहायला कोणी विसरले नव्हते! लिहिलेले पाळले जाते का, हे कोणी पाहिले नाही, एवढेच. जमिनीवर चालणारी आज्ञावली यानातल्या आज्ञावलीइतकी 'जोखमीची' मानली गेली नाही, म्हणून तिची तपासणीही तेवढ्या कसोशीने झाली नाही.

पुढे आणखी आहे. प्रवासाचे पहिले चार महिने ही फाइल तिच्या मांडणीतील दोषांमुळे वापरताच आली नाही. दोष दुरुस्त होऊन एप्रिल १९९९ मध्ये ती वापरात आली, तेव्हा आठवडाभरातच मार्गदर्शक गटाला आकडे विचित्र वाटू लागले. मग शंका पुढे का गेली नाही? एक कारण भौतिकशास्त्रातले आहे. यानाचा वेग डॉप्लर परिणामावरून मोजतात, आणि त्यातून कळतो तो फक्त आपल्या दृष्टिरेषेतील वेग. हे धक्के मुख्यतः त्या रेषेला लंब दिशेने बसत होते, त्यामुळे ते सरळ दिसत नव्हते. दुसरे कारण मात्र माणसांचे आहे. विसंगती आढळली की ती रीतसर नोंदवायची एक पद्धत प्रकल्पात होती. ती न वापरता ई-मेलवर चर्चा होत राहिली. रीतसर नोंदलेल्या शंकेला कोणाला तरी उत्तर द्यावे लागते, पत्रातली शंका विरून जाते. शिवाय हा गट एकाच वेळी तीन यानांचे काम पाहत होता. एका शिक्षकाने तीन इयत्ता सांभाळायच्या म्हणजे काय, हे आमच्या वाचकांना सांगायला नको.

शेवटच्या आठवड्यात नव्या मोजणीवरून यान १५० ते १७० किलोमीटरवर येईल असे दिसू लागले, शेवटच्या दिवशी तर ११० वर. मार्ग सुधारण्याची पाचवी संधी राखून ठेवलेली होती. चर्चाही झाली. पण ती सुधारणा करायची की नाही हे कसे ठरवायचे, याची तयारी नव्हती. संधी वापरली गेली नाही.

अहवालातील एक ओळ

या अपघाताचा पहिला चौकशी अहवाल नोव्हेंबर १९९९ मध्ये आर्थर स्टीफन्सन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने दिला. अहवाल प्रामाणिक आणि वाचनीय आहे. वर दिलेली बहुतेक माहिती त्याच्यामुळेच सर्वांना कळली. तरीही त्याच्या मांडणीबद्दल आमचा एक आक्षेप आहे.

समितीने 'मूळ कारण' म्हणून एकच ओळ लिहिली: जमिनीवरील आज्ञावलीत मेट्रिक एकके वापरली गेली नाहीत. त्याखाली 'साहाय्यभूत कारणे' म्हणून आठ गोष्टी मांडल्या. यानाशी मार्गदर्शक गटाचा परिचय कमी, गटांमध्ये संवाद अपुरा, माणसे कमी, प्रशिक्षण कमी, तपासणी अपुरी, पाचवी सुधारणा न करणे इत्यादी. जगाने पहिली ओळ वाचली आणि आठ कारणे सोडून दिली. वृत्तपत्रांनी तीच उचलली, पाठ्यपुस्तके आणि व्याख्याने यांनीही तीच.

आम्हाला वाटते की ही वर्गवारीच उलटी आहे. एककाची चूक ही ठिणगी होती. ठिणग्या कारखान्यात रोज पडतात. त्या विझवण्याची सोय जागोजाग बंद होती, हे खरे मूळ कारण. 'नासा'चे त्या वेळचे अवकाशविज्ञान विभागाचे प्रमुख एडवर्ड वायलर यांनी अपघातानंतर लगेच जवळपास हेच सांगितले होते: माणसाकडून चुका होतातच, अपयश आहे ते चूक पकडणाऱ्या व्यवस्थेचे. त्यांचे हे म्हणणे पौंड-न्यूटनच्या गमतीखाली दबून गेले.

न लागणारे गणित

दुसरे प्रकरण युरोपचे. ४ जून १९९६ रोजी दक्षिण अमेरिकेतील फ्रेंच गियानामधील कुरू येथून एरियान-५ या नव्या प्रक्षेपकाने पहिले उड्डाण केले. मुख्य इंजिन पेटल्यावर ३७ सेकंदांनी त्याची दिशादर्शक यंत्रणा बंद पडली. जमिनीपासून सुमारे ३,७०० मीटर उंचीवर प्रक्षेपक वाकडा वळला, मोडला आणि नष्ट झाला. पृथ्वीभोवतीच्या चुंबकीय क्षेत्राचा अभ्यास करणारे क्लस्टर मालिकेतील चारही उपग्रह त्याच्याबरोबर गेले.

याचीही एक प्रचलित गोष्ट आहे: "मोठी संख्या लहान जागेत मावली नाही." तीही खरी आहे. आडव्या वेगाशी संबंधित एक संख्या ६४ बिटांच्या दशांशरूपातून १६ बिटांच्या पूर्णांकात बदलायची होती. १६ बिटांत जास्तीत जास्त ३२,७६७ एवढीच संख्या मावते. ती ओलांडली गेली. स्कूटरचा किलोमीटर-मापक ९९,९९९ नंतर पुन्हा शून्यावर येतो तसे येथे झाले असे काही जण सांगतात, पण ते बरोबर नाही. संगणकाने चुकीचा आकडा दिला नाही. त्याने कामच थांबवले, कारण अशी अडचण आली की थांबावे अशीच त्याला सूचना होती.

ही सूचना का दिली होती? यंत्रणा रचणाऱ्यांनी गृहीत धरले होते, की बिघाड म्हणजे यंत्राचा एखादा भाग अचानक निकामी होणे. तसे झाले तर तो संगणक बंद करावा आणि जोडीच्या दुसऱ्या संगणकाने काम घ्यावे. पण दुसऱ्यातही तीच आज्ञावली होती. तो एका चक्राआधी, म्हणजे ७२ मिलिसेकंद अगोदर, त्याच कारणाने बंद पडलेला होता. दोन विद्यार्थ्यांनी एकमेकांचे पाहून उत्तर लिहिले असेल, तर दोन्ही उत्तरे जुळली म्हणून ती बरोबर ठरत नाहीत. बंद पडताना पहिल्या संगणकाने आपल्या दोषाची जी सांकेतिक नोंद पाठवली, ती मुख्य संगणकाने उड्डाणाची माहिती समजून वाचली आणि इंजिनांचे झोत पूर्ण वळवण्याची आज्ञा दिली. एवढेच दुर्दैव पुरे नव्हते म्हणून की काय, ज्या गणिताने हे सारे घडले त्याचा उड्डाणानंतर एरियान-५ ला काही उपयोगच नव्हता! आधीच्या एरियान-४ मध्ये उलटगणती ऐन वेळी थांबली तर ती लवकर पुन्हा सुरू करता यावी, म्हणून ते उड्डाणानंतर काही सेकंद चालू ठेवत. आज्ञावली एरियान-४ वर यशस्वी ठरलेली, म्हणून आहे तशी उचलली. नव्या प्रक्षेपकाचा आडवा वेग मात्र पाचपट लवकर वाढत होता.

गणितज्ञ जाक-लुई लिओन्स यांच्या अध्यक्षतेखालील समितीने दीड महिन्यात, १९ जुलै १९९६ रोजी अहवाल दिला. तो लहान आहे, त्यात कोणा व्यक्तीला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केलेले नाही, आणि आमच्या मते तो मंगळयानाच्या अहवालापेक्षा सरस आहे. कारण त्याने आज्ञावलीतील दोषाइतकेच ठळकपणे दुसरे कारणही मांडले: हा दोष उघड करू शकली असती अशी परीक्षा झालीच नाही. धोक्याच्या सात संख्यांपैकी चारांना संरक्षण दिले होते, तिघांना संगणकावरील भार मर्यादेत राहावा म्हणून दिले नव्हते. निर्णय विचारपूर्वक झाला होता, पण तो घेताना एरियान-५ चा मार्ग लक्षात घेतलेला नव्हता. कागदपत्रांच्या ढिगात तो कोणी मुद्दाम न लपवताही लपून गेला. सर्वांत मोलाचा निष्कर्ष असा, की आज्ञावली चुकीची ठरेपर्यंत बरोबर मानू नये, बरोबर ठरेपर्यंत सदोष मानावी.

या अहवालावर जानेवारी १९९७ मध्ये बर्ट्रांड मेयर आणि जाँ-मार्क जेझेकेल या संगणकतज्ज्ञांनी टीका-लेख लिहिला. त्यांचे म्हणणे असे, की आज्ञावलीचा प्रत्येक भाग कोणत्या अटींवर चालतो ते त्या भागातच लिहिलेले असावे. म्हणजे जुना भाग नव्या ठिकाणी वापरणाऱ्याला अट दिसेल. हे पटते. पण पुढे तीन वर्षांनी मंगळयानाने दाखवले, की अट लिहिलेली असूनही भागत नाही. एरियानमध्ये गृहीतक दिसेल असे लिहिलेले नव्हते, मंगळयानात ते लिहिलेले होते पण ताडून पाहिले गेले नाही. लिहिणे आणि ताडणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि दुसऱ्याला कोणीतरी जबाबदार लागतो.

एक दशांशचिन्ह

याच काळातले आणखी एक उदाहरण थोडक्यात. ३० एप्रिल १९९९ रोजी केप कॅनाव्हेरल येथून टायटन-४ प्रक्षेपकाने मिलस्टार हा अमेरिकी लष्करी दळणवळण उपग्रह सोडला. वरच्या टप्प्याच्या आज्ञावलीत -१.९९२४७६ या स्थिरांकाऐवजी -०.१९९२४७६ असा आकडा टाइप झाला होता. दशांशचिन्ह एक घर सरकले, टप्पा भरकटला आणि उपग्रह निरुपयोगी कक्षेत गेला. परीक्षा झाल्या होत्या. मात्र त्यांत प्रत्यक्ष टाइप केलेले आकडे न वापरता ठरावीक नमुन्याचे आकडे वापरले होते. म्हणजे विद्यार्थ्याची वही न तपासता मार्गदर्शिकेतील उत्तर तपासून 'बरोबर' असा शेरा दिल्यासारखे झाले. ज्या गाळणीसाठी हा स्थिरांक होता तिची या उड्डाणाला गरजही नव्हती. पूर्वीपासून आहे म्हणून ती ठेवली होती. एरियानची आठवण येथे झाल्याशिवाय राहत नाही.

शंका विचारणारा माणूस

एवढे वाचून कोणाला वाटेल, की असे अपघात अटळच आहेत. तसे नाही. ऑक्टोबर १९९७ मध्ये कॅसिनी यान शनीकडे निघाले. त्याच्यासोबत टायटन या उपग्रहावर उतरणारे युरोपचे हायगेन्स हे छोटे यान होते. हायगेन्सने पाठवलेले संदेश कॅसिनीने झेलायचे होते. दोघांच्या सापेक्ष वेगामुळे संदेशाची कंप्रता बदलणार, हे सर्वांना ठाऊक होते आणि तशी सोयही होती. पण डॉप्लर परिणामाने संदेशातील बिटे येण्याची गतीही बदलते. ती सोय राहून गेली होती.

युरोपीय अवकाश संस्थेतील बोरिस स्मेड्स या अभियंत्याने फेब्रुवारी २००० मध्ये कॅलिफोर्नियातील गोल्डस्टोन येथून, प्रवासात असलेल्या कॅसिनीकडे हायगेन्ससारखाच संदेश पाठवून परीक्षा घेतली. साधी परीक्षा पुरे, असे मत असणारेही होते. यांनी मात्र खऱ्या प्रसंगी होईल तेवढा कंप्रताबदल घालून पाहण्याचा आग्रह धरला. ग्राहकयंत्राला संदेश लागेना! दोष यंत्रात पक्का बसलेला होता, दुरून बदलता येणार नव्हता. पण हाती चार-पाच वर्षे होती. कॅसिनीचा मार्गच असा बदलला, की टायटनजवळून जाताना दोन यानांचा दृष्टिरेषेतील सापेक्ष वेग कमी राहील. १४ जानेवारी २००५ रोजी हायगेन्स टायटनवर उतरले आणि तेथील छायाचित्रे आपल्याला मिळाली. त्याही दिवशी कॅसिनीवरील दोनपैकी एक ग्राहकयंत्र सुरू करण्याची आज्ञा द्यायची राहून गेली आणि निम्मी छायाचित्रे गेली, हेही सांगायला हवे. चुका संपत नाहीत. त्या वेळेवर सापडतात की नाही एवढाच फरक आपल्या हातात असतो.

मागचा शहाणा?

'पुढच्यास ठेच, मागचा शहाणा' अशी आपल्याकडे म्हण आहे. २० डिसेंबर २०१९ रोजी बोईंग कंपनीचे स्टारलायनर हे यान माणसांविना पहिल्या चाचणी-उड्डाणावर निघाले. त्याने आपले घड्याळ प्रक्षेपकाकडून लावून घ्यायचे होते. ते चुकीच्या वेळी लावले गेले आणि तब्बल अकरा तासांनी चुकले. आपण प्रवासाच्या भलत्याच टप्प्यावर आहोत असे समजून यानाने इंधन जाळले, आणि आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकापर्यंत ते पोहोचू शकले नाही. दोन दिवसांनी ते सुखरूप परतले, पण परतण्यापूर्वी आज्ञावलीत आणखी एक गंभीर दोष घाईघाईने सापडवून दुरुस्त करावा लागला. चौकशीत निघाले ते जुनेच: उड्डाणापासून स्थानकाला जोडले जाईपर्यंतची सलग परीक्षा घेण्याऐवजी तुकड्या-तुकड्यांची परीक्षा घेतली होती. प्रत्येक तुकडा उत्तीर्ण झाला. सुधारणांची यादी अखेर ८० शिफारशींपर्यंत गेली.

एरियानच्या अहवालानंतर तेवीस वर्षे उलटून गेली होती. मग मागचा शहाणा का झाला नाही? आमचे उत्तर असे: ठेच लागली एवढेच त्याने ऐकले, दगड कोठे होता ते नाही. 'पौंड आणि न्यूटन', 'सोळा बिटे', 'दशांशचिन्ह' अशा नावांनी गोष्टी सांगितल्या, की प्रत्येक अपघात वेगळा भासतो. पौंड-न्यूटनचा घोळ पुन्हा होऊ नये म्हणून काळजी घेणारा माणूस घड्याळाच्या घोळात सापडतो. सगळ्यांतला समान धागा सोळा बिटांत सापडत नाही. जुने ते चालते हा विश्वास, भाग तपासले म्हणजे सगळे तपासले हा समज, आणि शंका आलेल्या माणसाला ती मांडायला हक्काची जागा नसणे हे ते तीन दगड.

वर्गात ही गोष्ट जरूर सांगावी. फक्त शेवटी "चूक कोणाची?" असे न विचारता "ही चूक कोठे कोठे पकडता आली असती?" असे विचारावे. मंगळयानाच्या बाबतीत मुले किमान पाच जागा शोधून काढतील. एक प्रयोगही सुचवतो. एका गटाला वर्गखोलीची मापे घ्यायला सांगा, दुसऱ्या गटाला केवळ त्या मापांवरून नकाशा काढायला सांगा, आणि तिसऱ्या गटाला नकाशा घेऊन खोली पुन्हा मोजायला पाठवा. तिसऱ्या गटाला काय काय सापडते ते फळ्यावर लिहा.

अर्ध्या गुणाबद्दलही एक विचार मनात येतो. एकक न लिहिणाऱ्याचा अर्धा गुण आपण कापतो. पण शेजारच्याच्या वहीतील, किंवा आपण फळ्यावर लिहिलेल्या उत्तरातील चूक उभे राहून दाखवणाऱ्या मुलाला आपल्या गुणदानात जागा आहे का? पासाडेनात एप्रिल १९९९ मध्ये ज्यांना आकडे विचित्र वाटले होते, त्यांनाही कधीकाळी कोणीतरी शिक्षकाने शिकवलेच असेल.